चमचाभर म्हणजे किती मिलिग्रॅम?

काल कट्ट्यावर वाद पेटला तो गजूच्या पोरीच्या तापावरून. ताप १०१, गजूनं घरातली पॅरासिटामॉलची बाटली काढली आणि एक चमचा पाजला. 'मोठ्याला पण एकच चमचा देत होतो,' हे त्याचं म्हणणं.

मेडिकलमध्ये कामाला असलेला बाल्या उसळलाच. 'बाटली कोणती? १२५ ची का २५० ची?'

'औषध तेच ना बे?'

'औषध तेच, पण ५ मिलीत किती मिलिग्रॅम आहे ते पाह्य ना. पोरगी किती किलोची?'

'दहा.'

बाल्यानं एका बिलाच्या मागं हिशेब मांडला. एका वेळेला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे गजूच्या पोरीला १०० ते १५०. १२५ च्या बाटलीतले ५ मिली बरोबर बसतात. २५० च्या बाटलीतले तेच ५ मिली जास्त होतात. आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. ते चमचाभर, म्हणजे ५ मिली, पाजले तर थेट ५००! बाटली इवलीशी म्हणून औषध सौम्य असेल असं वाटतं, आणि घात तिथंच होतो. घरातला चमचाही लहानमोठा असतो. बाटलीसोबतचं माप किंवा सिरिंजच वापरावी.

'एका डोसनं काय होते?' गजू अडून बसला.

एखाद वेळी थोडं जास्त गेलं तर सहसा काही होत नाही, हे बाल्यानंही मानलं. पण सकाळी आई देते, दुपारी आजी देते, संध्याकाळी सर्दीचं सिरप सुरू होतं आणि बऱ्याचदा त्यातही पॅरासिटामॉलच असतं. असं साठत गेलं की यकृतावर येतं, आणि पहिल्या दिवशी पोर चांगलं खेळतानाही दिसू शकतं. दोन डोसांत निदान चार तास, चोवीस तासांत फार तर चार डोस. कोणी कधी दिलं ते फ्रीजवर लिहून ठेवा, असं मी सगळ्यांनाच सांगतो.

सुध्याचं वेगळंच. 'आयबुप्रोफेन द्या, झटकन उतरते.' इथं मला राहवलं नाही. नागपुरात पावसाळ्यातला ताप म्हणजे डेंग्यूची शंका आधी घ्यायची, आणि डेंग्यूत आयबुप्रोफेननं रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर पोरांना तापात नकोच. निमेसुलाइड या तापाच्याच औषधावर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, तरी मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे भेटतात. संताप येतो.

'मग १०१ ला द्यायचं का नाही?' गजूनं शेवटी विचारलं.

'पोरगी खेळते, पाणी पिते, तर नुसत्या आकड्यासाठी नको देऊ. किरकिर करते, अंग दुखते, तर दे,' बाल्या म्हणाला. 'पण तीन महिन्यांच्या आतलं बाळ असन आणि ताप १००.४ झाला, तर औषध पाजून वाट पाहत बसायचं नाही. तडक दवाखाना.'