‘ताण घालवा, गोळ्या थांबवा’ या संदेशाला उत्तर

स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा तीव्र मानसिक आजार) झालेल्या तरुणांच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपवरून एक संदेश पुन्हा पुन्हा येऊन पोहोचतो. त्याचा आशय असा, की अतिताणाने मेंदू आक्रसतो व त्यातूनच हा आजार होतो, गोळ्यांनी तो आणखी सुकतो आणि म्हणून गोळ्या थांबवून केवळ प्राणायाम करावा. या विधानांत खऱ्या संशोधनाचा थोडाथोडा अंश आहे, म्हणूनच हा संदेश मला विशेष घातक वाटतो.

‘ताणामुळेच आजार होतो’ हे पहिले विधान. दीर्घकाळ ताण सोसताना शरीराची होणारी झीज मोजण्यासाठी मॅकइवेन आणि स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ ही कल्पना मांडली. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर, कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक) अशी मोजमापे एकत्र करून हा भार अजमावतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत, आजाराच्या सुरुवातीच्या काळातही, तो सरासरीने जास्त आढळला आहे आणि काही अभ्यासांत मेंदूच्या बाह्यपटलाच्या कमी जाडीशी त्याचा संबंध दिसला आहे. परंतु एकाच वेळी घेतलेल्या मोजमापांवरून आधी काय घडले ते ठरत नाही. आवाज ऐकू येणे, कोणीतरी मागावर आहे अशी भीती वाटणे, रात्रीच्या रात्री झोप नसणे हा स्वतःच शरीरावरचा प्रचंड ताण आहे. आजारच तो भार वाढवत असेल, ही शक्यता कशी नाकारणार? कॉर्टिसॉल अतिरिक्त प्रमाणात वाढवणाऱ्या कुशिंग विकारात हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी निगडित मेंदूचा भाग, लहान होतो आणि उपचारानंतर काही अंशी पुन्हा वाढतो, हे खरे आहे. पण म्हणून त्या रुग्णांना स्किझोफ्रेनिया होतो असे नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत या आजाराची आनुवंशिकता, म्हणजे लोकांमधील धोक्याच्या फरकात अनुवंशाचा वाटा, सुमारे ८० टक्के निघते, तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला तर दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी वेळा होतो. बालपणीचा छळ किंवा इतर तीव्र ताण धोका वाढवतात, मात्र ते एकटे कारण ठरत नाहीत आणि घरच्यांना दोषी ठरवण्याचा आधार तर मुळीच नाहीत.

‘मेंदू गोळ्यांनीच आक्रसतो’ हे दुसरे विधान इतिहासापुढे टिकत नाही. याकोबी आणि विंक्लर यांनी १९२७ मध्येच जुन्या रुग्णांच्या मेंदूतील पोकळ्या मोठ्या झाल्याचे क्ष-किरण चित्रांत पाहिले होते. पहिले मनोविकृतिविरोधी औषध, क्लोरप्रोमझीन, १९५२ मध्ये वापरात आले. तरीही औषधांना पूर्ण निर्दोष म्हणता येणार नाही. मनोविकारतज्ज्ञ अँड्रियासन यांच्या संशोधक गटाने २११ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा करून २०११ मध्ये नोंदवले, की जास्त औषध घेणाऱ्यांत मेंदूचे आकारमान काहीसे अधिक घटले होते. ओलान्झापीनसारख्या मनोविकृतिविरोधी औषधाने वजन आणि साखर वाढते, म्हणजे शरीरावरचा भारही वाढतो. या साऱ्यातून कमीत कमी परिणामकारक मात्रा ठेवावी आणि वजन, रक्तदाब, साखर उपचाराच्या सुरुवातीपासून तपासत राहावी, एवढेच निघते. अचानक गोळ्या थांबवल्याने आजार पुन्हा उफाळण्याचा धोका मात्र मोठा असतो.

‘एमआरआयमध्ये आजार दिसतो’ हेही त्या संदेशात जोडलेले असते. पण मेंदूतले वर सांगितलेले फरक रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या गटांच्या सरासरीतले आहेत. एका माणसाच्या चित्रावरून निदान होत नाही.

राहिला प्राणायाम. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत योगाचा या रुग्णांवर अभ्यास झाला आणि लक्षणांत सुधारणा दिसली, पण त्या अभ्यासातले रुग्ण औषधे घेत होते आणि योग त्यांना जोड म्हणून दिला होता. संदेश पुढे पाठवताना नेमका हाच तपशील गाळला जातो.