सेंद्रिय बसायचं असेल तर

नाशकात नुसतं बसायचं असेल तर जागांना तोटा नाही. सेंद्रिय बसायचं असेल तर मात्र थोडी तयारी लागते. गंगापूर रोडने धरणाकडे निघा. न रंगवलेली भिंत, लोंबकळणारे पिवळे दिवे आणि खडूने लिहिलेला काळा फळा दिसला की गाडी लावा. याला गॅस्ट्रोपब म्हणतात. शब्द लंडनचा आहे. १९९१ साली तिथल्या क्लर्कनवेल भागातला ‘द ईगल’ हा जुना पब दोघांनी चालवायला घेतला आणि रेस्टॉरंटचा थाटमाट वगळून, बेताच्या पैशांत बरं जेवण द्यायला सुरुवात केली. ‘बेताच्या पैशांत’ हा भाग वेटरसमोर काढू नका, उगाच त्याला अवघडल्यासारखं होईल.

पहिलं पथ्य असं की मामाला बरोबर न्यायचं नाही. तो निफाडचा असो, येवल्याचा असो की चांदवडचा. फळ्यावर ‘स्लो कुक्ड ऑनियन जॅम, २९५’ असं असतं. तुम्ही ते कौतुकाने वाचाल आणि मामा विचारेल, “क्विंटलला?” मग त्याला समजावणं आलं. जॅमचा हिशेब तसा अवघड नाही. किलोभर कांदा उभा चिरून मंद आचेवर पाऊण ते एक तास परतला की पाणी उडून पाव किलोच्या आसपास उरतो. त्यातले दोन चमचे तुमच्या पावावर येतात. कांदा उन्हाळ असला तर छान तांबूस होतो. पावसाळी लाल कांद्यात पाणी जास्त, तो आधी नुसताच शिजत बसतो, म्हणून घाईत असलेलं स्वयंपाकघर चिमूटभर खायचा सोडा टाकतं. रंग दहा मिनिटांत येतो, पण कांद्याचा लगदा होतो. लगदा लागला की ‘काय टेक्स्चर आहे!’ म्हणायचं. एप्रिलमध्ये काढलेला कांदा दिवाळीपर्यंत चाळीत का ठेवावा लागतो आणि तोवर त्यातला किती सडतो, हे मामा सांगायला लागला तर जेवणाची चव जाते. त्याला घरीच राहू द्या.

आता ‘सेंद्रिय’ या शब्दाकडे. “हे ऑरगॅनिक आहे का?” असं खुशाल विचारा, उत्तर ‘येस सर’ हेच येतं आणि दोन्ही बाजूंना बरं वाटतं. पण कुठल्या शेतातलं, कुठल्या गटाचं, प्रमाणपत्र एनपीओपीचं (केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) की पीजीएसचं (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून दिलेलं), असलं काही विचारू नका. एनपीओपीत हंगामी पिकाच्या जमिनीला दोन वर्षं आणि बहुवर्षायू पिकाला तीन वर्षं रासायनिकातून सेंद्रियात रूपांतराची काढावी लागतात, तेव्हा कुठे माल सेंद्रिय म्हणवला जातो. शेतकऱ्याची वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल आणि तो थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सूट आहे. ही सूट शेतकऱ्याला आहे, खडूला नाही. पण खडूचं बरं असतं, ओल्या फडक्याने पुसला जातो.

शेजारच्या टेबलावरून “इथे काहीच केमिकल नसतं” असं ऐकू आलं तर मान डोलवा. द्राक्षाचे रोग सेंद्रिय बागेलाही चुकत नाहीत, डावणी येते, भुरीही येते. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण नि गंधक या दोन्हींची फवारणी सेंद्रिय शेतीत मर्यादेत चालते, आणि दोन्ही रसायनंच आहेत. हे मोठ्याने बोललात तर पुढच्या वेळी टेबल मिळणार नाही. त्यापेक्षा जीवामृताचा, म्हणजे पिकाला घालायच्या आंबवलेल्या द्रवखताचा विषय काढा, तो सगळ्यांना आवडतो. एकरी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. रोज ढवळायचं, दोन दिवस सावलीत ठेवायचं. मग समोरच्या ‘चिकपी फ्रिटर्स’ मोजा. सहा भजी भरतील. पिकाने तुमच्यापेक्षा जास्त बेसन खाल्लेलं असतं.

मुख्य जेवणात ‘नागली टाको’ आवर्जून मागवा. पेठ, सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, इतकी नटलेली एरवी बघायला मिळत नाही. नागलीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला चिकटपणा येत नाही. उकळत्या पाण्यात उकड काढून मळलं तर भाकरी थापता येते, पण पातळ थापून, भाजून, वर इंग्रजी यूसारखी वाकवली की मधोमध तडकते. म्हणून टाको तुमच्या हातात आल्यावर तुटला, सारण शर्टावर सांडलं, तर समाधान माना: नागली खरी होती. न तुटता छान दुमडला, रबरासारखा परत सरळ झाला, तर आत मैदा आहे. शर्ट वाचला, नागली गेली. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

‘लोकल मिलेट रिसोटो’ म्हणजे भगर. तीच ती एकादशीची. रिसोटोला आर्बोरिओसारखा जाड, पिष्टमय तांदूळ लागतो, जो ढवळताना बाहेरून पिष्ट सोडतो आणि आतून दाताला लागतो. भगरीचा दाणा एवढासा, तो एक तर मोकळा राहतो नाही तर खिमट होतो, मधलं काही नाही. मग तो मलईदार व्हावा म्हणून बटर आणि चीज घालतात, म्हणजे पचायला हलकी म्हणून खाल्ली जाणारी भगर पोटात दगडासारखी बसते. ५४५ रुपयांत एवढा परिणाम घरी साधणार नाही.

वर शोभेला मायक्रोग्रीन्स असतात, ‘गार्डन’ म्हणून वेगळे पैसे लावलेली. मेथी आठ तास भिजवायची, ताटलीत कोकोपीटवर दाट पसरायची, दोन दिवस झाकायची, मग उजेडात ठेवायची. आठव्या-दहाव्या दिवशी कात्रीने कापायची. पाणी जास्त झालं तर बुडखे कुजतात, एवढीच यातली अडचण. घरी मुळीच करू नका. एकदा खिडकीत उगवली की हॉटेलात ती चिमूट बघून मेथीचा शेकड्याचा भाव आठवत राहतो, आणि आपल्याकडे बाजार समितीत जुड्यांचा लिलाव शेकड्यानेच होतो, हे तर मामाला पाठच आहे.

पिण्याचं सांगायला हवं, नाही तर नाशिकला नावं ठेवतील. वाइन बाटलीने मागवू नका, ग्लासानेच घ्या. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास बसतात आणि या धंद्यातला जुना हिशेब असा, की पहिल्याच ग्लासात बाटलीची खरेदी वसूल व्हावी. उरलेल्या चार ग्लासांत भिंत न रंगवण्याचा खर्च निघतो. बाटली कधी उघडली, हे विचारू नका. उघडी बाटली दोन-तीन दिवसांत हवा लागून उतरते, सफरचंद कापून ठेवल्यासारखा वास येतो. शेनिन ब्लां ही पांढरी वाइन ८ ते १० अंशांवर प्यायची असते, पण शिळी असेल तर ती बर्फगार देतात, म्हणजे जिभेला काही कळत नाही. नाशिकचीच द्राक्षं, इथेच वीस किलोमीटरच्या आत बाटलीत गेलेली, आणि ग्लासाला भाव पॅरिसहून आल्यासारखा. याला टेरवार म्हणतात, म्हणजे मातीचा गुण, ओठ पुढे काढून म्हणायचं.

या सगळ्यात दोनच गोष्टींचे पैसे खरोखर वसूल होतात, म्हणून त्या चुकूनही मागवू नका. एक, तिथेच टाकीत तयार होणारी बिअर. तापमान धरून आठवडे आंबवणं घरच्या गच्चीवर जमत नाही, आणि परवानगीही नाही. दुसरा सॉरडो पाव. तो खरा असेल तर बारा ते अठरा तास आंबतो, नाशिकच्या थंडीत त्याहून जास्त, आणि एवढा वेळ कुणीतरी पीठ सांभाळत बसलेलं असतं. छिद्रं वेडीवाकडी, साल कडक, आंबटपणा गिळल्यावरही राहतो. खोटा असेल तर यीस्टच्या पावात व्हिनेगर शिंपडलेलं असतं, आंबट वास नाकाशी येतो आणि तिथेच संपतो. खोटा निघाला तर मागवायला हरकत नाही.

आणि हो, बिअर-वाइनला वय २१, कडक दारूला २५, शिवाय कायद्याने परवाना लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांत मिळतो. अख्ख्या संध्याकाळीत सर्वांत स्वस्त वस्तू हीच, आणि तीच कुणी मागत नाही.

बिल आलं की वाचू नका, चष्मा गाडीत राहिला म्हणा. वाचलंत तर दिसेल की जेवणावर जीएसटी ५ टक्के, दारूवर जीएसटी नाही पण व्हॅट आहे, आणि मध्येच सर्व्हिस चार्ज नावाचा पाहुणा बसलाय. तो आपोआप लावता येत नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं, आणि तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे. तो फिरवायचा तर आवाज चढवावा लागतो, आणि फळ्याखाली तो शोभत नाही. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला हवा, तो नसेल तर कागद छान आहे म्हणा. हातकागद असतो.

उरलेली भगर पार्सल करून घ्या, डब्याचे वेगळे २० रुपये. डबा उसाच्या चिपाडाचा, मातीत कुजणारा. घरी पोचल्यावर मामा दार उघडेल, डबा उलटसुलट करून बघेल आणि विचारेल, “उपास होता का रे?”