संप नव्हे, टाळेबंदी. आणि प्रेक्षक परतलेच

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास फिरतं: ‘कोट्यधीश खेळाडू संपावर गेले, म्हणून प्रेक्षक या खेळापासून कायमचे तुटले.’

आधी ‘संप’ हा शब्द घेऊ. एनएचएल या तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या सगळ्या संघांतले खेळाडू मिळून संपावर गेले ते एकदाच, एप्रिल १९९२ मध्ये. दहा दिवसांत तो मिटला आणि राहिलेले सामनेही झाले. १९९४, २००४ आणि २०१२ साली मात्र दाराला कुलूप लावलं ते संघमालकांनी. ती टाळेबंदी होती. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

खेळाडूंची हाव? २००४-०५ चा अख्खा हंगाम, म्हणजे १,२३० सामने, बुडाला तो मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी होती म्हणून. ती त्यांना मिळाली. वर खेळाडूंनी चालू करारांतला २४ टक्के पगार सोडला. २०१२ च्या वादानंतर उत्पन्नातला त्यांचा वाटा ५७ वरून ५० टक्क्यांवर आला. दोन्ही वेळा ज्यांच्या ताटातलं कमी झालं, त्यांनाच हावरट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आता प्रेक्षक. २००५ च्या शरदात खेळ सुरू झाला तेव्हा सगळ्या मैदानांच्या बर्फावर प्रेक्षकांचे आभार रंगवले होते. त्या हंगामात सामन्यामागे सरासरी उपस्थिती साडेसोळा हजारांवरून सतरा हजारांच्या जवळ गेली. तोवरचा तो विक्रम होता. सिडनी क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओवेचकिन या पुढे गाजलेल्या खेळाडूंचं ते पहिलंच वर्ष, आणि बदललेल्या नियमांनी खेळही मोकळा झाला होता. दाव्यात तथ्य आहे ते दूरचित्रवाणीपुरतं: अमेरिकेत ईएसपीएनने हात काढून घेतला आणि सामने ओएलएन या कितीतरी कमी घरांत दिसणाऱ्या वाहिनीवर गेले.

परतले म्हणजे प्रेक्षक सगळं विसरले, असंही नाही. हंगाम बुडाला तेव्हा कॅनडातल्या काही चाहत्यांनी लीगच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅनले कपसाठी थेट न्यायालय गाठलं. कप लीगच्या मालकीचा नाही, लीग खेळत नसेल तर इतरांना खेळू द्या, असं त्यांचं म्हणणं. २००६ च्या तडजोडीत तसा मार्ग खुलाही झाला. कपवर मात्र आजही कोरलेलं आहे: २००४-०५, हंगाम खेळला गेला नाही. इतक्या जिव्हाळ्याच्या माणसांना ‘तुटलेले’ कसं म्हणायचं?

उलट मला काळजी वाटते ती त्यांच्या परत येण्याची. प्रेक्षक येणारच हे ठाऊक असलं की कुलूप लावणं स्वस्त पडतं, आणि मधल्या काळात मैदानावर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची, जवळच्या हॉटेलांत काम करणाऱ्यांची रोजी बुडते ती बुडतेच. २०१२ च्या टाळेबंदीने मिशिगनमधल्या ॲन आर्बरचा १ जानेवारी २०१३ चा खुल्या मैदानातला सामना रद्द झाला. वर्षभराने तो तिथेच झाला, भर हिमवर्षावात. अधिकृत उपस्थिती १,०५,४९१.