सही नंतर, आधी नाव

आमच्या बँकेने मला पुरुष करून टाकलं आहे. पासबुकावर ठसठशीत छापलंय, ‘श्री. साई’. ते दुरुस्त करून घ्यायला काल अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

“नाव?”

“सई.”

“सही खाली करायची. आधी नाव.”

“नावच सई.”

“मॅडम, सही नावाचीच असते. नाव काय?”

मागच्या आजोबांना राहवेना. “अहो, साई! शिर्डीवाले साई!” ते माझ्या खांद्यावरून काचेत ओरडले. मग माझ्याकडे वळून हळूच, “पण मुलीला हे नाव? घरच्यांना मुलगा हवा होता का?”

“साई नाही हो काका, सई. सई म्हणजे मैत्रीण.”

“कुणाची?”

अख्खी रांग उत्तरासाठी थांबली.

मी इतिहासाकडे वळले. फलटणच्या निंबाळकरांच्या सईबाई, १६४० साली शिवाजीराजांशी लग्न झालं, संभाजीराजांच्या आई, १६५९ मध्ये राजगडावर वारल्या. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “ते माहितीय हो. पण त्यांचं खातं कुठे होतं इथे?”

तसं पाहिलं तर खिडकीतला माणूस अगदीच चुकत नव्हता. संस्कृत ‘सखी’तला ख झिजून प्राकृतात ‘सही’च झाली होती, ह मराठीने नंतर गाळला. हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने तेही छापलं असतं.

‘श्री.’ काढायला पुरावा लागतो म्हणे. कसला? बाई असल्याचा.

“मी समोर उभी आहे ना!”

“ते कागदपत्रांत धरत नाहीत.”

आईने हौसेने नाव ठेवलं तेव्हा ‘सई परांजपेंमधली सई’ म्हटलं की भागायचं. आता तर सई ताम्हणकर घराघरात माहीत आहे. पण इंग्रजीत लिहिलं की मी आणि क्रिकेटमधला साई सुदर्शन एकच. त्याच्याकडे कुणी पुरावा मागत नसेल. मला मात्र कुरिअरवाल्यापासून विमा विकणाऱ्यापर्यंत सगळे ‘साईभाऊ’ म्हणतात, आणि मी बोलले की विचारतात, “भाऊंना फोन देता का?”

तरी लोकांना हेच नाव हवंय. दोनच अक्षरं, जोडाक्षर नाही, ऐकायला नवं आणि वर थेट शिवकाळातलं! आमच्या तळमजल्यावर परवाच एका सईचं बारसं झालं. साईशी घोळ नको म्हणून आईबापांनी अंकशास्त्र्याला पैसे मोजून स्पेलिंग काढून आणलंय. त्यात तीन ई आहेत, आणि एक एच.