मुतखड्याचं औषध स्वस्तातलं घ्या, पण लघवी मोजून

मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून पोटॅशियम सायट्रेट लिहून दिलं जातं. ते वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, बाटल्या भराभर संपतात, मग ‘यापेक्षा स्वस्त काही नाही का?’ हे विचारलं जातंच. विचारायलाच हवं. पण मेडिकलमध्ये ‘एकच आहे हो’ म्हणून जी दुसरी बाटली हातात पडते, ती पुष्कळदा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटची असते. लघवीची जळजळ तिनेही थांबते. मुतखड्यासाठी मात्र ती एकच नाही.

कॅल्शियमच्या खड्यात (बहुतेक खडे याच जातीचे) सोडियम जितकं जास्त पोटात जाईल, तितकं कॅल्शियम लघवीतून जास्त बाहेर पडतं. या सोडियमवाल्या सिरपच्या ५ मिलीत साधारण २५० मिलीग्रॅम सोडियम असतं. दिवसाला ३० मिली घेतलं तर ते पावणेचार ग्रॅम मीठ खाल्ल्यासारखं झालं, आणि दिवसभराची मिठाची मर्यादाच ५ ग्रॅम आहे. खडा धरू न देणारं लघवीतलं सायट्रेट वाढतं, पण एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं. म्हणून ब्रँड कुठलाही घ्या, लेबलवर ‘पोटॅशियम सायट्रेट’ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीत ते ११०० मिलीग्रॅम असतं, म्हणजे सुमारे १० मिलीइक्विव्हॅलंट (क्षारांची ताकद मोजायचं माप). १०८० मिलीग्रॅमच्या गोळीतही तेवढंच. सिरप की गोळी, कुठल्या कंपनीचं, ही तुलना याच आकड्यावर करा आणि रोजचा खर्च काढा. सिरप जेवणानंतर ग्लासभर पाण्यातून घ्यावं, नाहीतर पोटात आग पडते.

युरिक ॲसिडच्या खड्याचं गणित वेगळं. तिथे लघवीचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी तितकी लघवी आम्ल) ६ ते ६.५ वर आणणं हेच मुख्य काम, आणि रक्तदाब, हृदय, सूज यांचा त्रास नसेल तर साध्या सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांनीही ते साधतं. १ ग्रॅममध्ये सुमारे १२ मिलीइक्विव्हॅलंट अल्कली (आम्लता मारणारा क्षार) मिळते, आणि २७५ मिलीग्रॅम सोडियमही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, पण तपासणी घरी करता येते. लिटमस नको, पीएचचे आकडे दाखवणाऱ्या पट्ट्या आणा. आठवडाभर सकाळची पहिली, दुपारची आणि झोपण्यापूर्वीची लघवी तपासून लिहून ठेवा. लघवी ताजीच हवी, तासभर ठेवलेली नको. पावसाळ्यात डबीचं झाकण सैल राहिलं की पट्ट्या दमट होऊन खोटं सांगतात. पीएच ७ च्या वर राहू लागला तर डोस जास्त झालाय; मग कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरायची भीती. जंतुसंसर्गामुळे होणाऱ्या खड्यात लघवी आधीच अल्कलाइन असते, तिथे हे औषध नकोच. म्हणूनच पडलेला खडा गाळणीत धरून, वाळवून प्रयोगशाळेत द्या. तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय स्वस्त-महाग बोलण्यात अर्थ नाही.

लिंबाने सायट्रेट थोडं वाढतं, पीएच फारसा हलत नाही. रोज १२० मिली रस, तोही मीठ-साखरेशिवाय, किती जण वर्षभर पितात? आपलं सरबत मीठ घालूनच होतं, आणि तिथेच फायदा संपतो. कुळथाच्या काढ्याने पाणी पोटात जातं एवढं नक्की. त्याच्या भरवशावर औषध सोडू नये.

खरी परीक्षा २४ तासांच्या लघवीची. एकदा औषधापूर्वी, एकदा सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीची पहिली लघवी धरून थेंबन् थेंब कॅनमध्ये. कॅन दोन मागून घ्या, कारण आपल्याला अडीच लिटर लघवी हवी असते. कॅल्शियम-ऑक्झलेट मोजायच्या कॅनमध्ये ॲसिड असतं, मग आधी मगमध्ये करून ओता. युरिक ॲसिड आणि पीएचसाठी ॲसिडविना नमुना लागतो. रविवार किंवा उपवासाचा दिवस नको, रोजचंच खाणं हवं. ‘स्टोन प्रोफाइल’मध्ये (मुतखड्याच्या तपासण्यांच्या संचात) सायट्रेट कित्येकदा नसतंच, ते आग्रहाने लिहून घ्या.

रिपोर्टमध्ये आधी क्रिएटिनिन बघा; स्नायूंतून येणारा हा पदार्थ लघवीत रोज साधारण तेवढाच पडतो. ७० किलोच्या पुरुषाचं साधारण १४०० ते १७५० मिलीग्रॅम यायला हवं. ८०० आलं तर लघवी सांडली किंवा विसरली, बाकीचे आकडे वाचूच नका. सायट्रेट ३२० मिलीग्रॅमच्या वर गेलं का? पोटॅशियम वाढलं का? नसेल वाढलं तर औषध नियमित पोटात जात नाहीये. सोडियम २०० मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे जवळजवळ १२ ग्रॅम मीठ. अशा वेळी औषध बदलण्याआधी लोणचं-पापड आणि ताटातलं वरचं मीठ बंद करा. त्याला खर्च शून्य.

लघवीतलं कॅल्शियम कमी करणाऱ्या थायझाइड गोळ्याही स्वस्त आहेत, पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या ४१६ रुग्णांच्या चाचणीत त्यातल्याच हायड्रोक्लोरोथायझाइडने खडे पुन्हा होणं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) लक्षणीय कमी झालं नाही. त्यामुळे केवळ किमतीकडे पाहून ती मागू नका.

आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या) चालू असेल, किंवा रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर पोटॅशियम सायट्रेटचा एक चमचाही स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवत नाही. सुरू करण्यापूर्वी आणि एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासा. पैसे वाचवताना ही तपासणी कापू नका.