साहेबांचा फोन

कट्ट्यावर बसून अर्धा तास झाला नसेल तोवर साहेबांचा फोन तिसऱ्यांदा वाजला. साहेब म्हणजे आमचाच मित्र, मागच्या वर्षी मॅनेजर झाला तेव्हापासून आम्ही त्याला साहेबच म्हणतो, त्याला आवडत नाही म्हणून जरा जास्तच. तर हा उठून बाजूला गेला, येरझाऱ्या घालत "हां, ती फाईल उघड, ती नाही रे, दुसरी... जाऊ दे, तू सोड, मी रात्री बघतो" असं सगळं झालं आणि परत येऊन बसला ते कपाळाला हात लावूनच.

"नऊ जणांची टीम आहे, नऊच्या नऊ मलाच विचारतात. एकाला धड काही येत नाही."

"मग तू सांगतोस कशाला?" बारक्या म्हणाला. बारक्या आमच्यात सगळ्यात लहान, नोकरीला लागून दोनच वर्षं झालीत, त्यामुळे मॅनेजर या जमातीबद्दल त्याची मतं एकदम पक्की.

"तुला काय जातंय बोलायला! मी केलं तर वीस मिनिटं, त्याला शिकवत बसलो तर दोन तास, वर तो चुकणार ते निस्तरायचं वेगळंच."

मास्तर इतका वेळ गप्प होता. तो कंपन्यांमध्ये जाऊन ट्रेनिंग घेतो म्हणून मास्तर. म्हणाला, "ही फाईल दर आठवड्याला असते ना? मग वीस गुणिले बावन्न कर. सतरा तासांच्या वर जातं. दोन तास महाग वाटतात आणि सतरा तास दिसतच नाहीत तुला."

"अरे पण पाठवलं ना ट्रेनिंगला! दोन दिवस, सगळ्यांना!"

आता मास्तर स्वतःच्या धंद्याची बाजू घेईल असं वाटलं तर तो उलटाच फिरला. म्हणे 1885 साली एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून छापलंय, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती राहतात बघायचं, तर तासाभरात निम्म्याहून जास्त गायब. ऑफिसचं काम काही निरर्थक अक्षरं नाहीत (काही ऑफिसांबद्दल मला शंका आहे) पण ट्रेनिंगहून आलेल्या माणसाला त्याच आठवड्यात ते काम हातात दिलं नाही तर दोन दिवस पाण्यात. साहेबाने लगेच ते सत्तर-वीस-दहा काढलं, माणूस सत्तर टक्के कामातून शिकतो, वीस टक्के दुसऱ्यांकडून आणि दहा टक्के ट्रेनिंगमधून वगैरे, म्हणजे आपोआप शिकतील. मास्तर म्हणाला ते आकडे कोणी मोजलेले नाहीत, यशस्वी अधिकाऱ्यांना तुम्ही कुठून शिकलात विचारलं आणि त्यांच्या आठवणींतून गोल आकडे काढले, आणि कामातून शिकतो म्हणजे आधी काम मिळालं पाहिजे, ते तर तू रात्री घरी नेतोस.

मग "शिकवलं की सोडून जातात" हे आलंच. त्याचं ठरलेलं उत्तर ("आणि न शिकवता राहिले तर?") सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या स्लाईडवर वाचलेलं असतं, ते सोडा. बारक्याचं ऐका. "मी पण सोडायचं बघतोय. शिकवतात म्हणून नाही, दोन वर्षं तीच एक्सेल भरतोय म्हणून. परवा मीच केलेलं प्रेझेंटेशन बॉसने मांडलं आणि मी मागे बसून स्लाईड पुढे ढकलत होतो."

यावर साहेब पण गप्प.

मी माझं सांगितलं. माझा पहिला बॉस हुशार माणूस, पण मी अडकलो की हातातून माऊस काढून घ्यायचा आणि इतक्या भरभर करायचा की मला फक्त त्याची पाठ दिसायची. दुसऱ्या ठिकाणी एक मॅडम होत्या. त्यांनी पहिला क्लायंट कॉल मला घ्यायला लावला, आदल्या दिवशी तासभर तयारी करून घेतली आणि कॉलवर स्वतः माईक म्यूट करून शेजारी बसल्या. मधे एका प्रश्नाला मी असा अडकलो की घाम फुटला, त्यांच्याकडे बघितलं तर त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या, वर बघेनातच. शेवटी "तपासून उद्या कळवतो" म्हणून सुटलो. नंतर एकच विचारलं, कुठे अडकलास ते कळलं का? बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की तो कॉल त्यांनी मुद्दाम निवडलेला, चुकलं तरी दुसऱ्या दिवशी सावरता येईल असा. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे, कोणती चूक परवडते ते बॉसने ठरवायचं आणि मग ती होऊ द्यायची.

"तिला वरून पाठिंबा असेल," साहेब म्हणाला. "माझा बॉस मला विचारतो, तू का नाही केलंस?"

मास्तरने गूगलचं काढलं. त्यांनी 2008 पासून चांगला मॅनेजर कोण हे स्वतःच्याच लोकांचा डेटा घेऊन शोधलं तर आठ गुणांत पहिला आला टीमला कोचिंग करणं, दुसरा सारखी लुडबूड न करणं, आणि तांत्रिक कौशल्य आठवं.

"मग त्यांना सांग माझ्या अप्रेझलमध्ये घालायला! अकरा ओळी आहेत. टीम डेव्हलपमेंट अकरावी, वेटेज पाच टक्के. उरलेले पंचाण्णव त्या फाईलीतूनच येतात."

हे मात्र बिनतोड होतं. मास्तरसुद्धा "हं" म्हणाला. माणूस स्वतःच्या कामात एक नंबर म्हणून त्याला मॅनेजर करायचं, मोजायचं परत त्याच कामावर, आणि वर त्याने माणसं का घडवली नाहीत म्हणून कुरकुरायचं.

मग साहेब जरा हळू आवाजात म्हणाला, "आणि खरं सांगू का, मला आवडतं रे ती फाईल करायला. दिवसभर मीटिंगा, हा रुसला तो फुगला, संध्याकाळी काय केलं विचारशील तर सांगता येत नाही. फाईल निदान झाली की झाली."

त्याला चिडवायला कोणाला काही सुचेना. तेवढ्यात चौथ्यांदा फोन. बारक्याने नुसत्या भुवया उडवल्या. साहेबाने आमच्याकडे बघितलं, या वेळी उठला नाही, तिथेच उचलला आणि म्हणाला, "तू सांग, तुला काय वाटतं, काय करायला पाहिजे?"

पलीकडे शांतता. साहेब डोळे मिटून बसलेला, मांडीवर बोटं वाजवत. मी मनात मोजत होतो. सात सेकंद टिकला.

"बरं ऐक, दुसऱ्या शीटवर जा..."