विजय अय्यर कोणाचे?

दिवाळीत पुण्याच्या घरी सगळे जमले असताना, मी इथे अमेरिकेत असल्याने, व्हिडिओ कॉलवर माझ्या मामांनी विषय काढला की, जॅझ पियानोवादक विजय अय्यर म्हणजे आपल्याच तालविद्येचा चमत्कार, अमेरिकेने फक्त पियानो दिला. त्यावर धाकटा मामेभाऊ उसळून म्हणाला, "अमेरिकेत जन्मलेला माणूस आपला कसला?" दोघांनीही अय्यरांची एक तबकडी सलग ऐकलेली नव्हती. मला संताप आला तो या गोष्टीचा, आणि तो अजून शमलेला नाही.

अय्यर १९७१ साली न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीत तमिळ आईवडिलांच्या घरी जन्मले. तिसऱ्या वर्षापासून पंधरा वर्षे ते पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले. पियानो मात्र त्यांनी कानाने उचलला. येल विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र शिकून ते बर्कली विद्यापीठात गेले, तिथे भौतिकशास्त्र सोडले आणि १९९८ साली संगीत व शरीराची जाणीव यांच्या संबंधावर डॉक्टरेट मिळवली. तो प्रबंध पश्चिम आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीतावर आहे, हे मामांना कोणी सांगितलेले नाही. सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमनसारख्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या सोबतीने हा वादक घडला आणि थेलोनियस मंक, अँड्र्यू हिल या कृष्णवर्णीय जॅझ पियानोवादकांचे ऋण तो उघडपणे मानतो. आपल्याकडे गुरूचे नाव घेताना कानाला हात लावतात. मग या माणसाचे गुरू इतक्या सहज कसे पुसता येतात?

मामांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. अय्यरांच्या २०११च्या 'तीर्थ' या तबकडीत प्रसन्न यांची गिटार आणि नितिन मिट्टा यांचा तबला आहे. पण २०२१च्या 'अनईझी'त अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातील दूषित पाण्याने बाधित झालेल्या मुलांसाठी रचना आहे, आणि ते दुःख अमेरिकेचेच आहे. शिवाय १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय पियानोवादक वाजवत होता, त्या काळात गोमंतकीय वादक जॅझ आत्मसात करत होते. तेव्हा शिकणारे आपण होतो.

मागच्या हिवाळ्यात बॉस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये मी अय्यरांचे त्रिकूट मुलीसोबत ऐकले. डावा हात एक छोटी आकृती घोळवत राहिला आणि उजवा तिच्यावर किंचित उशिरा उतरत गेला. मी नकळत मांडीवर मात्रा मोजू लागलो आणि चौथ्या आवर्तनातच माझी सम हुकली. शेजारचे वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ काहीच मोजत नव्हते. त्यांची मान मात्र दर वेळी नेमक्या जागी पडत होती.

तरीही खरे सांगायला हवे. २०१३ साली अय्यरांना मॅकआर्थर फेलोशिप ही अमेरिकेतील मानाची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा ऑफिसात "आमचाच माणूस" असे मीच अभिमानाने म्हणालो होतो. आणि मामेभावाचे वाक्य मला लागले ते अय्यरांमुळे नव्हे, तर माझी मुलगी इथेच जन्मली आहे, तिचे मराठी अडखळते आणि त्या वेळी ती माझ्या शेजारी बसून ते ऐकत होती, म्हणून.

त्या मैफिलीहून परतताना रेड लाइनच्या मेट्रोत तिने विचारले, "बाबा, मांडीवर काय मोजत होतास?" मी तिच्या तळहातावर तीनतालाच्या सोळा मात्रा मोजून दाखवल्या. नवव्या मात्रेला टाळी का नसते, हे मात्र मला इंग्रजीत नीट सांगता आले नाही.